निजामी नोंदवही आणि जिल्ह्याची बातमी

परभणीसारख्या जिल्ह्यात तृतीयपंथीयांची बातमी बहुधा गुन्हेवृत्तातच का सापडते, असं विचारलं की ‘लोक सनातनी आहेत’ हे उत्तर तयार असतं. ते अपुरं आहे. घरात मूल जन्मलं की याच सनातनी समाजाने त्यांचा आशीर्वाद घेतला आहे. संशयाला सरकारी शिक्का बसला तो कायद्याने. इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांसाठी स्वतंत्र भाग घातला आणि १९११ साली तो काढून टाकला. परभणी ज्या निजामी राजवटीत होती तिने मात्र १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, त्याच धर्तीचा कायदा नव्याने केला. मुलं पळवण्याचा किंवा ‘अनैसर्गिक’ कृत्याचा नुसता संशय असला तरी नाव नोंदवहीत जाई. मग नोंद झालेली व्यक्ती बायकी पोशाखात रस्त्यावर दिसली किंवा तिने तिथे नाचगाणं केलं की वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला २०२३ साली!

हा कायदा हैदराबाद शहरासाठी आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणांसाठी होता; परभणीच्या बातमीदाराशी त्याचा काय संबंध, असा आक्षेप येईल. पण संशय कलमांच्या हद्दीत राहत नाही. मे २०१८मध्ये त्याच हैदराबादेत मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला ठार केलं. आरोप जुन्या कायद्यातलाच. जिल्ह्याचा बातमीदार रोज पोलिस ठाण्यात जातो, तेव्हा ठाण्याची नजरही बातमीत उतरते.

गुन्हेवृत्ताबाहेरची अशी बातमी वाचकांना पचणार नाही, हा दुसरा आक्षेप. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक प्रश्नांवरचं मासिक चालवलं. समलिंगी संबंधांसह लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. बाजू मांडली डॉ. आंबेडकरांनी, तरी दंड झालाच. सनातन्यांचा रोष खरा होता, पण ते प्रश्नही वाचकांनीच पाठवले होते. अर्थात हे मुंबईत घडलं. लहान गावात नाव छापलं तर माणसाला राहणं मुश्कील होतं, ही भीती मात्र रास्त आहे. त्यावर उपाय नाव गाळण्याचा. विषय गाळण्याचा नव्हे. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याने त्यांच्या ओळखप्रमाणपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणला, २०२०च्या नियमांनी तीस दिवसांची मुदत घातली. किती अर्ज आले, किती अडले, कशामुळे, हे एकही नाव न छापता परभणीच्या जिल्हाधिकारी कचेरीत विचारता येतं.