सी, डी, ई : एका वाटणीचा इतिहास

नागपूरच्या नंदनवनातले कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ साली सुरू झाले. महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकीचे दार त्याच्या आदल्याच वर्षी उघडले होते. त्याच १९८४ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी एटी आला. त्याची हार्ड डिस्क २० एमबीची होती, आणि त्याच्यासोबत आलेल्या डॉस ३.० ने फॅट१६ ही फाईल सिस्टिम आणली. म्हणजे या कॉलेजच्या आणि हार्ड डिस्कच्या हिशेबाच्या त्या पद्धतीच्या वयात काही महिन्यांचेच अंतर. नवा लॅपटॉप घरी आला, की आजही ‘पार्टिशन पाडून द्या’ अशी पहिली मागणी होते, आणि एका डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पडतात. ही रीत अडाणीपणातून आलेली नाही. तिच्या काळात ती अगदी बरोबर होती. पण तिची कारणे २००१ पर्यंत एकेक करून संपली, आणि आता तिच्यामुळे लोक भलत्याच भरवशावर राहतात.

कारणे नीट पाहू. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. डॉस ३.० ला ३२ एमबीपेक्षा मोठे पार्टिशन हाताळता येत नव्हते. डिस्क मात्र मोठ्या होत चालल्या. १९८७ मध्ये डॉस ३.३ ने एकाच डिस्कवर आणखी ड्राइव्ह पाडण्याची सोय केली आणि डी, ई सर्रास दिसू लागले. पुढे मर्यादा २ जीबीपर्यंत वाढली, तरी दुसरे कारण उरलेच. फॅट१६ डिस्कची जागा ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत देते, आणि २ जीबीच्या पार्टिशनवर हा ठोकळा ३२ केबीचा असतो. १ केबीचा अर्ज लिहिला तरी ३२ केबी अडतात. असे हजार अर्ज साठवले, तर मजकूर १ एमबीही भरत नाही, पण जागा जाते सुमारे ३१ एमबी. तीच डिस्क पाचशे-पाचशे एमबीच्या चार भागांत वाटली, की ठोकळा ८ केबीवर येतो आणि तेच अर्ज ८ एमबीच्या आत बसतात. डिस्क महाग असताना वाटणी हीच काटकसर होती.

१९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली. ८ जीबीपर्यंतच्या पार्टिशनवर तिचा ठोकळा ४ केबीचा, त्यामुळे काटकसरीचे कारण तिथेच संपले. विंडोज ९८ मध्ये तर जुनी डिस्क फॅट३२ मध्ये बदलून देणारे साधनच होते. खरा फरक पडला तो एनटीएफएस या फाईल सिस्टिममुळे. ती १९९३ पासून विंडोज एनटीमध्ये होती, पण घराघरात पोचली २००१ च्या एक्सपीबरोबर. फॅट म्हणजे निव्वळ सातबारा : कुठला ठोकळा कोणाचा आणि पुढचा कुठे, एवढाच तक्ता. तो लिहिला जात असताना वीज गेली, की नोंद अर्धवट राहायची आणि पुढच्या वेळी स्कॅनडिस्क बेवारस तुकडे गोळा करून ‘सीएचके’ नावाच्या फाइली हातात ठेवायची. एनटीएफएस आधी फेरफार नोंदवते, मग सातबारा बदलते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी नोंदवही वाचून तक्ता पुन्हा जुळवता येतो. न जतन केलेला मजकूर मात्र तीही परत देत नाही. भारनियमनाच्या महाराष्ट्रात एवढ्यासाठीच फॅटची एनटीएफएस करणारी ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा चालवण्यासारखी होती. ती फाइली जागच्या जागी ठेवून रिकाम्या जागेत नवा तक्ता उभा करते. परतीची वाट मात्र नाही. पुन्हा फॅट हवी तर फॉरमॅटच.

यावर पहिला आक्षेप असा, की विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला, तर डीवरचे काम वाचते. हे खरे आहे, आणि विंडोज ९८ च्या काळात ते वारंवार कामी येत असे. पण सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. डिस्क बसली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा फाइली ओलीस धरणारा व्हायरस शिरला, तर अक्षर बघून कोणी डीला सोडत नाही. वाटणीला बॅकअप समजणे हीच या रीतीची आजची हानी आहे. दुसरा आक्षेप : फाईल सिस्टिम बदलणे धोक्याचे असते. धोका आहेच, म्हणून आधी प्रत काढायची. पण मार्च २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.३ च्या अपडेटमधून चालू आयफोनची फाईल सिस्टिम जागच्या जागी बदलली, आणि बहुतेकांना ते कळलेही नाही. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. विंडोजशेजारी लिनक्स टाकायची असेल, तर तिच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टिमसाठी वेगळे पार्टिशन लागतेच. त्या विद्यार्थ्याने वाटणी जरूर करावी, फक्त विंडोजने डिस्क कूटबद्ध केली असेल तर तिची ४८ अंकी चावी आधी लिहून ठेवावी.

बाकीच्यांनी नव्या लॅपटॉपची एनटीएफएस अखंड राहू द्यावी आणि पार्टिशनची उठाठेव करण्याऐवजी एक बाहेरची डिस्क घ्यावी. ती फॅट३२ मध्ये असेल, तर ४ जीबीची फाईल तिच्यावर उतरणार नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर वाचायची असेल, तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट डीवर असेल, तर त्याची प्रत आज रात्रीच त्या डिस्कवर काढा.