राजाची घोडचाल: देशी बुद्धिबळाचा पट आणि ब्राउझरमधला पट

गेल्या दिवाळीत जामखेडच्या घरी मी आजोबांसमोर लॅपटॉप ठेवला आणि ब्राउझरमध्ये बुद्धिबळाचा डाव मांडून दिला. सात-आठ खेळ्या सुरळीत झाल्या. मग त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरांवर ठेवला. राजा जागच्या जागी परत आला. पुन्हा ठेवला, पुन्हा परत. ‘याला घोडचाल ठाऊक नाही का?’ हा प्रश्न त्यांनी लॅपटॉपला विचारला, मला नव्हे. आजचा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

जुना खेळ ब्राउझरमध्ये आला की मूळ खेळाचे काय होते, याची चर्चा आपण सहसा संगणकावरील जुन्या व्यूहरचनेच्या खेळांबद्दल करतो. तिथे उत्तर तुलनेने सोपे आहे. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने २०१५ च्या जानेवारीत एमएस-डॉसच्या काळातले दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे उपलब्ध करून दिले. त्यात मूळ प्रोग्रामच चालतो. जुना संगणक तेवढा नकली असतो. त्यामुळे मूळ खेळाचे नियम आणि मूळ खेळातल्या चुकासुद्धा जशाच्या तशा येतात. बुद्धिबळाच्या बाबतीत असा मूळ प्रोग्राम नव्हताच. ब्राउझरमधले बुद्धिबळ एका नियमपुस्तकावरून नव्याने बांधलेले आहे. प्रश्न एवढाच की ते नियमपुस्तक कोणाचे?

आधी आजोबांचा खेळ समजून घेऊ. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी जो खेळ चाले, त्याला पुढे ‘देशी बुद्धिबळ’ म्हणू लागले. पट तोच चौसष्ट घरांचा, मोहरीही तीच: राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती आणि प्यादी. पण प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एका खेळीत होणारी अदलाबदल, या खेळात नाही. त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, तीही सामान्यतः शह बसण्यापूर्वीच. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे वाटेल ते होऊ शकत नाही. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोहोचले, ते मोहरे ते होते: हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट, राजाच्या पट्टीत मात्र वजीर. आणि पुष्कळ ठिकाणी ते मोहरे आधी मेलेले असणेही आवश्यक असे. पटावर एका बाजूचे दोन वजीर हा आजोबांच्या दृष्टीने पोरखेळ आहे.

खरा फरक मात्र डावाच्या शेवटात दिसतो. प्रतिपक्षाची सगळी मोहरी आणि प्यादी मारून त्याचा राजा एकटा उरला, की देशी खेळात ‘बुर्जी’ होते. पूर्ण विजय हातचा जातो. ब्राउझरमध्ये मात्र हाच क्षण सर्वात सोपा असतो. एकटा राजा, समोर वजीर आणि राजा, दहा खेळ्यांत मात. देशी खेळाडूला शत्रूचे शेवटचे मोहरे जिवंत ठेवून मात करावी लागे. म्हणजे ज्याला मारायचे त्याचेच काही वाचवायचे, आणि त्या वाचवलेल्या घोड्याने किंवा प्याद्याने ऐन वेळी घात करू नये याचीही काळजी घ्यायची. शिवाय प्याद्याने केलेली मात सर्वश्रेष्ठ मानली जाई. ब्राउझरच्या गुणांकनात वजिराची मात आणि प्याद्याची मात यांची किंमत एकच.

आता कालक्रम पाहू. बुद्धिबळाचे वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त त्याची चर्चा केली. म्हणजे राजनीतीच्या ग्रंथात या खेळाला जागा होती. पण आपण ज्याला ‘देशी’ म्हणतो, तोही काही अस्पर्शित मूळ खेळ नव्हे. शह, मात, वजीर हे शब्दच फारसी-अरबी वाटेने आलेले आहेत. वजीर आणि उंट यांची आजची लांबची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झाली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय पटावर ती दिसते. खेळ प्रवास करत होता, आणि प्रत्येक मुक्कामी काही घेत होता, काही टाकत होता.

या प्रवासातला माझ्या मते सर्वात बोलका पुरावा १८१४ सालचा आहे. त्या वर्षी मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. ते त्यांच्याच ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे भाषांतर. त्यात प्रामुख्याने डावातल्या पेचाच्या स्थिती दिल्या आहेत. लक्ष वेधून घेते ते शीर्षक: त्यातच म्हटले आहे की हा ग्रंथ युरोपीय खेळाच्या पद्धतीला जुळवून घेतलेला आहे. पेशवाई अजून चार वर्षे टिकायची होती. शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरण्याआधीच पटावरचे नियम छापखान्यात बदलत होते! आणि हे कोणी लादले नव्हते. एका शास्त्र्याने नवा वाचक ओळखून स्वतःचा ग्रंथ त्याच्यासाठी मांडला होता.

युरोपातही तेव्हा एकच नियम होता असे समजू नका. किल्लेकोट कसा करायचा यावर इटलीत एकोणिसाव्या शतकातही वेगळी रीत होती. १८५१ ची लंडनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली जागतिक संघटना ‘फिडे’, अशा टप्प्यांनी नियम एकवटत गेले. परगावच्या माणसाशी खेळायचे तर नियम आधी ठरलेले हवेत, एवढे साधे कारण त्यामागे आहे. ब्राउझर हे त्याच प्रक्रियेचे टोक होय. परगावचा माणूस आता अर्जेंटिनात बसलेला असतो, आणि त्याच्याशी बोलून नियम ठरवायला तीन मिनिटांच्या घड्याळात सवड नसते.

या स्थित्यंतराची किंमत काय होती, हे मीर सुलतान खान या पंजाबी खेळाडूकडे पाहिले की कळते. देशी पद्धतीत वाढलेला हा माणूस १९२६ च्या सुमारास युरोपीय नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकला. त्याची सुरुवात कच्ची असे. मध्यडाव आणि अंतिम डाव मात्र जगातल्या अव्वल खेळाडूंच्या तोडीचे. प्यादे दोन घरे जाऊ शकते म्हटल्यावर पहिल्या दहा खेळ्यांचे सगळे शास्त्रच बदलते. जिथे प्यादी एकेक घर चालतात, तिथे फौजा सावकाश भिडतात. काही ठिकाणी तर दोघेही आरंभीच्या काही खेळ्या एकदमच करून मग डाव सुरू करत.

खुद्द महाराष्ट्राने नवे नियम आपलेसे केले, आणि चांगलेच केले. १९५५ मध्ये एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. पुढे खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे. आणि २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमीला महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख. देशी नियमांना चिकटून राहिलो असतो तर यांतले काहीही घडले नसते. तेव्हा हा थ्रेड गतकाळासाठी गळा काढणारा नाही.

इथे थोडे विषयांतर, कारण मी जामखेडचा. आमच्या तालुक्यातल्या खर्ड्याची ११ मार्च १७९५ ची लढाई समाजमाध्यमांवर ‘नाना फडणवीसांचा बुद्धिबळाचा डाव’ म्हणून फिरत असते. उपमा चुकीची नाही. पण ती ब्राउझरच्या बुद्धिबळाला लागू पडत नाही. निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला, त्याला मात मात्र कोणी केली नाही. तह झाला. राजा वाचला, आणि दिवाण मशीर-उल्-मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करावा लागला. पटाच्या भाषेत वजीर गेला. पुढे सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात जो कलह माजला, त्याचा फायदा घेऊन तोच वजीर सुटून परत गेला. पूर्ण विजय, अर्धा विजय, बरोबरी यांच्या अशा छटा ज्या खेळात आहेत, त्या खेळाशी खर्ड्याचे नाते जुळते. उपमेची मर्यादाही सांगायला हवी: शिंदे, होळकर, भोसले ही कोणाच्या हातातली मोहरी नव्हती, आणि हे पुढच्या काही वर्षांत पुरेसे सिद्ध झाले.

पुन्हा पटाकडे. ब्राउझरने दिले ते थोडे नाही. रात्री दोन वाजता जोडीदार मिळतो, डाव आपोआप टिपला जातो, आणि ग्रँडमास्टरला हरवणारे इंजिन फुकटात प्रत्येक चूक दाखवते. गेले ते काय? माझ्या मते नियमांपेक्षा नियमांविषयीचे बोलणे गेले. पट मांडताना आजोबा समोरच्याला विचारत: तुमच्याकडे बुर्जी कशी धरतात? प्यादे घोडा झाले तर लगेच उडी मारते का? गावागणिक उत्तरे वेगळी असत, त्यावर वाद होत, बघे आपापली बाजू घेत, आणि मग डाव सुरू होई. नियम माणसांनी ठरवलेले असतात, हे त्या बोलण्यात दिसत असे. ब्राउझरमधला राजा निमूट मागे सरकतो. तो वाद घालत नाही.

तंत्राची अडचण आहे, असेही म्हणता येत नाही. ‘लीचेस’वर नेहमीच्या बुद्धिबळाव्यतिरिक्त आठ प्रकार खेळता येतात, त्यांतल्या एकात मोहरे मारले की आजूबाजूची मोहरीही स्फोटात जातात. कंबोडियाच्या ‘ओक’ या पारंपरिक खेळातही राजाला एकदा घोडचाल आहे, आणि ‘पायचेस’ या संकेतस्थळावर तो खेळ ब्राउझरमध्ये उपलब्ध आहे. कंबोडियाचा राजा उडी मारतो, कारण कोणीतरी त्याचे नियम नेमके लिहून दिले.

आपल्याकडे तेच काम बाकी आहे. मी आजोबांचे नियम वहीत उतरवायला बसलो, तेव्हा तिसऱ्याच नियमाला अडलो: शह बसला, पण मध्ये मोहरे घालून तो काढला, तर राजाची घोडचाल शिल्लक राहते की जाते? आजोबा म्हणतात राहते. त्यांचे खर्ड्याचे मित्र म्हणतात जाते. दोघांनीही मला डाव मांडून दाखवला. आपापल्या घरच्या थोरांना विचारून खाली लिहा, तुमच्या गावी काय धरत असत; गावाचे आणि तालुक्याचे नाव मात्र अवश्य द्या.