नगरच्या पूर्वेचा रस्ता : जामखेड, निजामाची मोटार आणि एसटीचा हिशेब

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला गेली. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावं आपल्या जिल्ह्यात आजही अभिमानाने घेतली जातात. दरवर्षी एसटीच्या वर्धापनदिनी वर्तमानपत्रांत ही आठवण छापून येते. ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली तीही पुणे–नगर याच मार्गावर.

या दोन्ही गाड्या पश्चिमेच्या रस्त्यावर धावल्या. नगरहून दुसरा एक रस्ता पूर्वेला जातो. चिचोंडी पाटील, कडा, आष्टी आणि मग जामखेड. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक प्रवासाचा इतिहास लिहिताना हा रस्ता सहसा कुणाला आठवत नाही. मला मात्र वाटतं की गाडी कुणी चालवायची, तिचे पैसे कुणी भरायचे आणि ती कुठपर्यंत न्यायची, हे तीन प्रश्न या रस्त्यावर जितके स्पष्ट दिसतात तितके पुणे रस्त्यावर दिसत नाहीत.

एका रस्त्यावर दोन राज्यं

जामखेड तालुका इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात होता. पण त्याची गावं सलग नव्हती, निजामाच्या गावांत मिसळलेली होती. आजही नकाशा पाहिला तर नगरहून जामखेडला जाताना मध्येच बीड जिल्हा लागतो. कडा आणि आष्टी बीड जिल्ह्यात, जामखेड पुन्हा नगर जिल्ह्यात, आणि पुढे सौताडा, पाटोदा परत बीडमध्ये. आज ही फक्त जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके वेगळे, कायदे वेगळे, कचेरीची भाषाही वेगळी.

याच तालुक्यातल्या खर्ड्याला १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. ती लढाई शाळेच्या पुस्तकात आली. पण त्यानंतरची दीडशे वर्षं या सरहद्दीवरची माणसं एकमेकांच्या बाजाराला, उरुसाला, लग्नाला कशी जात-येत राहिली, हे कुठल्या पुस्तकात आलं नाही. आमच्याकडच्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांची सोयरीक आष्टी, पाटोदा, बीडकडची आहे. त्यांच्यासाठी सरहद्द म्हणजे वाटेत लागणारा एक नाका होता.

निजामाची मोटार

सरकारने स्वतः बसगाड्या चालवायच्या, ही कल्पना आपल्याकडे एसटीपासून सुरू झाली असा समज आहे. सरहद्दीच्या पलीकडे ती १६ वर्षं आधी आली होती. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग काढला. सुरुवातीला २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. पुढे आंध्र आणि तेलंगणाची परिवहन महामंडळं याच विभागातून वाढली. तिथल्या सरकारी गाड्यांच्या नंबरात ‘झेड’ हे अक्षर असतं, ते निजामाच्या आई जहरा बेगम यांच्या नावाचं, असं सांगितलं जातं.

निजामाच्या कारभाराबद्दल आपल्याकडे दोन टोकांनी बोललं जातं. एका बाजूला सगळा जुलूम, दुसऱ्या बाजूला सगळी रोषणाई. मला यातली एकही बाजू घ्यायची नाही. रझाकारांचा काळ विसरता येत नाही, आणि त्या राज्यात लोकांना राज्यकर्ता निवडायचा हक्क नव्हता, हेही खरं आहे. पण एका प्रशासकीय निर्णयाकडे प्रशासकीय निर्णय म्हणून पाहायला हरकत नसावी.

त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारवाले रेल्वेचे उतारू पळवतात म्हणून मोठी ओरड होती. हैदराबाद सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे रेल्वेचा तोटा थेट सरकारी तिजोरीवर पडणार होता. त्यांनी मोटार आणि रेल्वे एकाच खात्याखाली आणली. मोटारीने रेल्वेशी स्पर्धा करण्याऐवजी स्टेशनापर्यंत उतारू आणायचे, आणि दोन्हींचा नफा-तोटा एकाच वहीत मांडायचा. यात दयाधर्म नव्हता, व्यवहार होता. पण जिथे रूळ पोहोचत नाहीत तिथली मोटार हा रेल्वेचाच पुढचा भाग आहे, ही त्यातली समज आजही उपयोगी आहे.

सर्व्हिस मोटार ते एसटी

इंग्रजी हद्दीत तेव्हा खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने आले, तरी गाडी भरल्याशिवाय हलायची नाही हा धंद्याचा नियम कायम राहिला. या धंद्यात मुसलमान बरेच होते. मालक थोडे, पण चालक, क्लीनर, फिटर, बॉडी बांधणारे पुष्कळ. सरकारने मार्ग ताब्यात घ्यायला सुरुवात केली तेव्हा या लोकांचं काय झालं, हा आपल्या सामाजिक इतिहासातला न लिहिलेला भाग आहे.

त्याची एक खूण न्यायालयाच्या दप्तरात मिळते. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर–दिल्ली मार्गावर गाडी चालवणारे सगीर अहमद सरकारी मक्तेदारीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५४ मध्ये जिंकले. रस्ता सरकारचा खरा, पण सरकार तिथे जनतेचं विश्वस्त आहे, असं न्यायालयाने मानलं. वक्फच्या भाषेत सांगायचं तर सरकार मालक नाही, मुतवल्ली आहे. पुढे १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं. एखादा मार्ग सरकारी महामंडळाकडे द्यायचा असेल तर योजना जाहीर करायची, हरकती ऐकायच्या आणि परवान्याचे जितके महिने उरले त्या हिशेबाने भरपाई द्यायची, असं ठरलं. सामान्य मोटारवाल्याच्या तक्रारीतून वाहतुकीच्या नियोजनात जनसुनावणी आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जून १९४८ मध्ये पहिली एसटी पुण्याकडे निघाली तेव्हा हैदराबाद भारतात आलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. त्यानंतर मराठवाड्याची आणि विदर्भाची सरकारी बससेवा मुंबई राज्याच्या एसटीत मिसळली, आणि १९६१ मध्ये आजचं महामंडळ उभं राहिलं. नगर, आष्टी, जामखेड, बीड हा रस्ता तेव्हा कुठे एका राज्याचा आणि एका एसटीचा झाला. आज जामखेडला स्वतःचं आगार आहे.

एका कायद्यातली दोन कलमं

एसटी ज्या कायद्याने चालते तो १९५० चा रस्ते परिवहन महामंडळ कायदा. त्यातलं १८ वं कलम सांगतं की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि नीट समन्वय असलेली सेवा द्यावी. २२ वं कलम सांगतं की महामंडळाने व्यापारी तत्त्वावर काम करावं. जामखेडसारख्या तालुक्याची सगळी अडचण या दोन कलमांच्या मधल्या फटीत आहे.

संध्याकाळी खेड्यात जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी मुक्कामी गाडी घ्या. पहाटे ती दूधवाला, कॉलेजची मुलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी घेऊन येते. १८ व्या कलमाने ती हवीच. पण तिचं भारमान कमी, म्हणून २२ व्या कलमाने ती तोट्याची. पाऊस कमी आणि माणसं कामासाठी बाहेर जाणारी असतील, तर भारमान वर्षभर सारखं राहणार तरी कसं? ऊसतोडीच्या हंगामात गावं रिकामी होतात. तेव्हा फेरी बंद झाली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी काय करायचं?

आता पैशाकडे येऊ. सुरुवातीच्या दशकांत महामंडळाच्या भांडवलात राज्याबरोबर केंद्रही पैसा घालत होतं, आणि केंद्राचा वाटा रेल्वेमार्फत येत होता. म्हणजे निजामाच्या वहीतली कल्पना दिल्लीलाही पटली होती. पुढे तो ओघ आटला. दुसरीकडे १९५८ च्या कायद्याने उतारूंवर प्रवासी कर बसला. एसटीच्या मूळ भाड्यावर तो साडेसतरा टक्क्यांपर्यंत गेला. शंभर रुपयांच्या मूळ भाड्यामागे साडेसतरा रुपये सरकारचे. जो माणूस मोटारसायकलही घेऊ शकत नाही, तो प्रत्येक फेरीला हा कर भरत आला आहे. एसटी तोट्यात आहे असं म्हणताना आपण हे विसरतो, की सरकारी तिजोरीत सर्वांत नियमितपणे पैसे टाकणाऱ्यांत हाच उतारू आहे.

सवलतींचंही तसंच आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, हे चांगले निर्णय आहेत. एसटीत बायकांची गर्दी दिसते ती या सवलतीमुळे. पण सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला वेळेवर द्यायला हवी. ती रखडली की पगार रखडतात आणि जुनी गाडी बदलायची राहते. २०२१–२२ च्या संपात जवळपास साडेपाच महिने गाड्या उभ्या होत्या. शहरातल्या माणसाने दुसरी सोय केली. खेड्यातली शाळकरी पोरं आणि रोजंदारीवर जाणारे लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजून जीपच्या टपावर बसले, नाहीतर घरी राहिले.

अहिल्याबाईंचं नाव

ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. या योजनेला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडीचा, म्हणजे याच जामखेड तालुक्यातला. आता जिल्ह्यालाही त्यांचं नाव आहे. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. मलिक अंबरने खडकीला नहर आणली, जुन्या बादशहांनी रस्त्यांवर सराया बांधल्या. यातल्या कुठल्याही विहिरीला किंवा सराईला कुणी भारमान विचारलं नव्हतं. वाटसरूची सोय हे राज्याचं काम आहे, हे तेव्हा दोन्ही परंपरांना मान्य होतं.

मुलींच्या शिक्षणाशी या गाडीचा संबंध थेट आहे, आणि इथे मुसलमान वाचकांशी मला वेगळं बोलायचं आहे. २००६ च्या सच्चर समितीने नोंदवलं होतं की मुस्लिमबहुल गावांना पक्का रस्ता आणि बसथांबा यांची सोय अपुरी आहे. आपण त्या अहवालातले नोकऱ्यांचे आणि बँकेच्या कर्जाचे आकडे पाठ केले, बसथांबा विसरलो. मुलगी सातवीनंतर घरी का बसली, याचं उत्तर दर वेळी मौलवीच्या तकरीरीत शोधू नका. कधी कधी ते साडेदहाच्या शाळेला अकराला पोहोचणाऱ्या गाडीत असतं. आणि हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. त्याच थांब्यावर धनगराची, वंजाऱ्याची, मराठ्याची, दलिताची मुलगीही उभी असते.

आष्टीपर्यंत आलेली रेल्वे

नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा होता. निम्मा खर्च राज्याने उचलायचा ठरल्यावर कामाला गती आली, तोवर अंदाज ४,८०५ कोटींवर, म्हणजे तेरा पटींहून वर गेला होता. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत. ज्यांनी या मार्गासाठी तीस वर्षं आंदोलनं केली त्यांना सलाम. पण रूळ आष्टीहून अमळनेरकडे वळतात, जामखेडला येत नाहीत.

म्हणून जामखेडसाठी रेल्वे म्हणजे आष्टी स्टेशन आणि तिथून पुढची बस. १९३२ चा धडा इथेच कामाला येतो. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, आष्टी बीड विभागात आणि जामखेड नगर विभागात. हद्द आता करोडगिरीची उरलेली नाही, पण फायलींना ती अजून लागते. १८ व्या कलमातला ‘समन्वय’ हा शब्द अशाच जागेसाठी आहे.

मला दोन मागण्या महत्त्वाच्या वाटतात. पहिली, रेल्वेच्या वेळेला जोडून आष्टी स्टेशनच्या दारातून जामखेड आणि खर्ड्याकडे एसटी मिळावी. दुसरी, जामखेड आगाराच्या प्रत्येक तोट्याच्या फेरीचा तोटा दरवर्षी जाहीर व्हावा आणि तो राज्याच्या अर्थसंकल्पातून रस्त्याच्या खर्चासारखा भरला जावा. डांबराला आपण नफा विचारत नाही, मग त्यावरून धावणाऱ्या गाडीलाच का विचारतो? गाडीसाठी ग्रामसभेचा ठराव करून तो आगार व्यवस्थापकांकडे देणं, त्याची पोच घेणं आणि प्रत विभाग नियंत्रकांकडे पाठवणं, याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडताना मोहल्ल्यातल्या चार मुली आणि वाडी-वस्तीवरच्या चार मुली एकत्र उभ्या राहिल्या, तर तो ठराव अडवणं कुणालाही अवघड जाईल.