बांदल सेना

बांदल सेना : भोरजवळच्या हिर्डस मावळातील बांदल देशमुखांची पायदळ तुकडी. हिर्डोशी आणि नीरेच्या वरच्या खोऱ्यातील गावे या मावळात मोडतात. खडी चढण, मुसळधार पाऊस आणि भातखाचरांचा चिखल अंगवळणी पडलेली ही माणसे. 13 जुलै 1660 रोजी गजापूरच्या घोडखिंडीत त्यांनी केलेल्या प्राणार्पणामुळे ही तुकडी इतिहासात अजरामर झाली.

बांदल आरंभी शिवाजी महाराजांच्या विरोधात होते. रोहिडा किल्ल्याच्या लढाईत कृष्णाजी बांदल पडले. त्यांचे कारभारी, भोरजवळच्या शिंद गावचे बाजी प्रभू देशपांडे, त्यानंतर स्वराज्यात आले. त्यांच्या निष्ठेचे मोल याच गोष्टीमुळे वाढते. कालपर्यंत ज्याच्याशी झुंज घेतली, त्याचे कार्य पारखून त्यांनी ते आपले मानले आणि मग त्यात हातचे काही राखले नाही.

आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेल्या वेढ्याला चार महिने उलटले होते. आषाढी पौर्णिमेच्या रात्री भर पावसात महाराज निसटले. त्यांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशीद पकडले गेले व मारले गेले. विशाळगडाची वाट साधारण 60 किलोमीटरची. पाठीवर सिद्दी मसूद आणि पुढे गडाच्या पायथ्याशी सुर्वे व दळवी यांचा वेढा. बाजी प्रभू निम्मे लोक घेऊन खिंडीत थांबले. महाराज गडावर पोहोचल्याची तोफ होईपर्यंत वाट अडवायची, एवढेच त्यांचे काम होते. बखरीच्या परंपरेप्रमाणे खिंडीत तीनशे जण होते आणि बाजींनी तोफ ऐकल्यावरच प्राण सोडला.

मराठी श्रोत्याला ही कथा ओळखीची वाटते, कारण कीर्तनातला जटायू त्याच्या मनात आधीच असतो. रावणाला जिंकणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे ठाऊक असूनही म्हातारा जटायू त्याची वाट अडवतो, पंख छाटले जातात, आणि रामाला निरोप सांगेपर्यंत जीव धरून ठेवतो. इगतपुरीजवळच्या टाकेद तीर्थाशी ही कथा जोडलेली आहे. दोन्हीकडे धैर्याचे माप एकच : जिंकण्याची आशा नसताना दुसऱ्यासाठी वेळ मिळवून देणे. इ. स. पू. 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाच्या लिओनिदासनेही हेच केले. बाजींचा फरक एवढाच, की ज्यासाठी ते लढले ते त्याच दिवशी साधले.

या युद्धानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला आणि कान्होजी जेध्यांनी तो आनंदाने सोडला, असे परंपरा सांगते. घोडखिंडीला पावनखिंड हे नाव पडले. अरविंद घोष यांनी बाजींवर इंग्रजीत दीर्घकाव्य लिहिले. दर पावसाळ्यात शेकडो तरुण पन्हाळ्याहून ती वाट पायी चालतात. बाजी व त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून आलेली जेधे शकावली ही घटनांची सालवार नोंद या झुंजीचे श्रेय बांदलांच्या लोकांना देते. पडलेल्या मावळ्यांची नावे मात्र त्यात नाहीत. हिर्डस मावळातील कोणा घरी जुने दप्तर, महजर किंवा वंशावळ असेल, तर त्यांनी ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला अवश्य दाखवावी.