बीबॉप स्केलमधील कॉर्ड (गिटार)

बीबॉप स्केल : सात स्वरांच्या स्केलमध्ये एक जादा स्वर घालून होणारे जॅझमधील आठ स्वरांचे स्केल. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आदींनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडवलेल्या बीबॉप शैलीत ते ऐकू येते. नाव नंतरचे, आणि ते रुळले मुख्यतः इंडियाना विद्यापीठातील अध्यापक डेव्हिड बेकर यांच्या पुस्तकांमुळे. जादा स्वराचे कारण बहुतेक ठिकाणी लयीचे दिले जाते : चार मात्रांच्या बारमध्ये दुगुनीत आठ स्वर बसतात, त्यामुळे सुरुवात कॉर्डमधल्या स्वरावर केली की पुढचेही कॉर्डचे स्वर मात्रेवरच पडतात. कॉर्ड वाजवणाऱ्याला या स्वराचा उपयोग याहूनही मोठा आहे. डेट्रॉइटचे पियानोवादक आणि शिक्षक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) यांनी तो आयुष्यभर शिकवला.

सी मेजरमध्ये हा स्वर जी आणि ए यांच्यामध्ये येतो. सी हा षड्ज धरल्यास क्रम होतो सा, रे, ग, म, प, कोमल ध, शुद्ध ध, नी. एकाआड एक स्वर घेतले की सा-ग-प-ध ही सी सिक्स आणि नी-रे-म-कोमल ध ही बी डिमिनिश्ड, एवढ्या दोनच कॉर्ड निघतात. बाकीची सगळी त्यांचीच उलटापालट. साध्या मेजर स्केलच्या सात पायऱ्यांवर सात कॉर्ड मिळतात, त्या मानाने ही मिळकत तुटपुंजी दिसते. पण बी डिमिनिश्डच्या खाली जी लावला की तीच जी सेव्हन फ्लॅट नाइन होते, म्हणजे सी कडे ओढणारी कॉर्ड. स्केल चढताना वा उतरताना ओढ आणि विसावा आपोआप आलटूनपालटून येतात, आणि एकाच कॉर्डवर चार बार थांबायचे असले तरी हार्मनी चालत राहते. हॅरिस याला सिक्स्थ डिमिनिश्ड स्केल म्हणत. गंधार कोमल केला की सी सिक्सच्या जागी सी मायनर सिक्स येते. डिमिनिश्ड तीच राहते.

दोन्ही निषादांचे डॉमिनंट बीबॉप स्केल (जी पासून एफ आणि एफ शार्प दोन्ही) याच रीतीने उकलले तर जी सेव्हन आणि ए मायनर सिक्स मिळतात. ही दुसरी म्हणजे मूळ स्वर गाळलेली डी नाइन.

गिटारवर चार स्वर लागोपाठ धरताना बोटे फार ताणावी लागतात. म्हणून वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली नेतात. याला ड्रॉप टू म्हणतात. चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत फ्रेट मोजल्यास सी सिक्स ५-५-५-५, मग डिमिनिश्ड ६-७-६-७, सी सिक्स ७-९-८-८, डिमिनिश्ड ९-१०-९-१० आणि सी सिक्स १०-१२-१०-१२ अशी चढण मिळते. डिमिनिश्डचा आकार दर तीन फ्रेटवर तोच असल्याने पाठ करायचे ते फक्त सी सिक्सचे चार आकार. मात्र आकार सुटे घोकून हाती फारसे लागत नाही. पहिल्या तारेवर स्केल गात राहील अशा बेताने ते सलग वाजवावे लागतात. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) यांच्या सोलोच्या अखेरीस येणाऱ्या कॉर्डच्या लडीत सिक्स वा सेव्हन्थ कॉर्डना जोडणाऱ्या अशा डिमिनिश्ड ठिकठिकाणी सापडतात.

आकार थोडे, पण त्यांना जागा पुष्कळ. सी सिक्स आणि ए मायनर सेव्हन यांचे स्वर एकच. एफ मेजरवर तीच कॉर्ड मेजर नाइनचा रंग देते. जी सेव्हनवर डी मायनर सिक्स वाजवली की जी नाइन ऐकू येते, आणि ए फ्लॅट मायनर सिक्स वाजवली की फ्लॅट नाइन व शार्प फाइव्ह यांचा तिखटपणा. हॅरिस यांच्या शिकवणीत यापुढची पायरी उसनवारीची : सी सिक्समधला ए सोडून शेजारच्या डिमिनिश्डमधला बी घ्यायचा आणि मग तो ए वर आणून सोडायचा. सी मेजर सेव्हन ही या दृष्टीने स्वतंत्र कॉर्ड नसून वाटेतली एक अवस्था ठरते. दोन स्वर उसने घेतले तर ज्यांना नाव देता येणार नाही असे आकार निघतात, आणि मधल्या तारांवरची हालचाल त्यांतच ऐकण्यासारखी असते.