निकालाचा अभिमान आणि आठव्या क्रमांकाचा प्रश्न

निकालाचे दिवस आले की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. मधोमध सरांचा फोटो, भोवती मुलांचे, प्रत्येकाखाली टक्के. लातूर असो की पुणे, चित्र तेच. तुमच्यापैकी जे आत्ता नेट किंवा पेटची तयारी करताहेत, त्यांचाही फोटो उद्या असा कुठेतरी लागेल. लागू दे की! शिष्यांच्या निकालाचा शिक्षकाला अभिमान वाटतो, त्यात गैर काही नाही. पण त्या अभिमानात नेमकं मोजलं काय जातं, हे संशोधनाकडे निघालेल्या माणसाने एकदा तरी बघायला हवं. त्यासाठी मी तुम्हाला 19व्या शतकातल्या केंब्रिजला नेतो.

तिथली गणिताची अंतिम परीक्षा म्हणजे मॅथेमॅटिकल ट्रायपॉस. पहिल्या वर्गात येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत आणि सगळ्यांत वरच्याला 'सीनियर रँग्लर'. होय, आपले रँग्लर परांजपे ते हेच. 1854 ची परीक्षा बघा: 8 दिवस, 16 पेपर, साडेचव्वेचाळीस तास, 211 प्रश्न. तीही जानेवारीच्या थंडीत. गुण जाहीर होत नसत, लागायची ती फक्त क्रमवार यादी. तरी 1860 च्या दशकातल्या एका वर्षाचे आकडे छापले गेले आहेत. एकूण गुण 17,000. पहिल्याला 7634, दुसऱ्याला 4123, आणि यादीतल्या शेवटच्याला 237. म्हणजे पहिला आलेल्यालाही निम्म्याहून कमी! पेपर कसा असेल याचा अंदाज करा.

कॉलेजातल्या शिकवण्यावर या परीक्षेत निभाव लागत नसे. म्हणून मुलं पैसे देऊन खाजगी शिक्षक धरत, त्यांना 'कोच' म्हणत. क्लासेसचा धंदा आपणच शोधून काढला असं वाटत असेल तर तो गैरसमज इथेच सोडा.

यातले पहिले मोठे नाव विल्यम हॉपकिन्स. आधी शेती करून पाहिली, ती जमली नाही. मग तिशीच्या आसपास केंब्रिजला विद्यार्थी म्हणून आले आणि 1827 मध्ये सातवे रँग्लर झाले. पण ते विवाहित होते आणि त्या काळी फेलो व्हायचं तर अविवाहित असावं लागे. मग कोचिंग सुरू केलं. 1849 मध्ये त्यांनी स्वतःच हिशोब मांडला: सुमारे 200 रँग्लर, त्यांत 17 सीनियर, आणि पहिल्या तिघांत आलेले 44. एकदम फ्लेक्सची भाषा. लोकही त्यांना 'सीनियर रँग्लर घडवणारा' म्हणत.

त्यांच्यानंतर एडवर्ड राउथ. कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना राउथ-हुर्विट्झ निकष आठवेल, तेच हे राउथ. त्यांच्याकडे 600 हून जास्त विद्यार्थी शिकले, त्यांतले 25 पेक्षा अधिक सीनियर रँग्लर झाले. सलग वीसहून अधिक वर्षं पहिला नंबर राउथ यांच्याच शिष्याचा! पद्धत अगदी शिस्तीची. सारख्या कुवतीच्या मुलांचे छोटे गट, ठरलेल्या वेळी तास, दर आठवड्याला घड्याळ लावून सोडवायच्या गणितांचा पेपर, मग त्याचे गुण सगळ्यांना दिसतील असे लावलेले. 1888 मध्ये ते कोचिंगमधून निवृत्त झाले तेव्हा शिष्यांनी हर्कोमर या चित्रकाराकडून त्यांचं पोर्ट्रेट काढून घेतलं आणि ते राउथबाईंना भेट दिलं. लॉर्ड रॅले आणि जे. जे. थॉमसन हे दोघेही राउथ यांच्याच हाताखालचे. अभिमान वाटावा अशीच यादी आहे.

पण यादीत न आलेल्यांचं काय? फ्रान्सिस गाल्टन हॉपकिन्सकडे शिकत होता. हॉपकिन्स शिकवताना गमतीदार गोष्टी सांगतात, अजिबात रुक्ष नाहीत, असं त्याने घरी उत्साहाने कळवलंही होतं. पुढे अभ्यासाच्या ताणाने तो आजारी पडला आणि त्याने ऑनर्सचा नाद सोडून साधी पदवी घेतली. गंमत बघा, वर दिलेले 17,000 पैकीचे गुण आपल्यापर्यंत आले ते याच गाल्टनच्या 1869 च्या 'हेरेडिटरी जीनियस' या पुस्तकामुळे. ज्याला या परीक्षेने मोडलं, तोच पुढे तिच्या गुणांवर माणसांची बुद्धी मोजायला बसला. हे मला आजही अस्वस्थ करतं.

जी. एच. हार्डी यांचा राग वेगळा होता. 1898 मध्ये ते चौथे रँग्लर झाले. कोचकडच्या युक्त्यांचा त्यांना इतका वीट आला होता की गणित सोडून इतिहासाला जाण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. लव्ह या शिक्षकांनी त्यांना जॉर्डनचा फ्रेंच ग्रंथ वाचायला सांगितला आणि खरं गणित कशाला म्हणतात ते त्यांना तेव्हा कळलं. हार्डींचं म्हणणं असं, की या शर्यतीपायी इंग्लंडचं शुद्ध गणित युरोपच्या मागे राहिलं. 1926 मध्ये अध्यक्षीय भाषणात तर त्यांनी ही परीक्षा सुधारू नका, बंदच करा, असं सुचवलं. क्रमवार यादी तोवर गेलेली होती. 1909 ची यादी शेवटची.

त्याआधी दहाच वर्षं, 1899 मध्ये, कोकणातल्या मुर्डीचे आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले र. पु. परांजपे बर्टविसल यांच्यासोबत विभागून सीनियर रँग्लर झाले. त्यांनी पुढे संशोधनाला वाहून घेतलं नाही. परत येऊन ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, नंतर मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री. हार्डींच्या मापाने हा तोटाच. मला तसं वाटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हार्डींचं बरोबर, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण अँड्र्यू वॉर्विक या इतिहासकाराने 2003 च्या 'मास्टर्स ऑफ थिअरी' या पुस्तकात उलट बाजू मांडली. त्याने कोचिंगच्या वह्या, प्रश्नपत्रिका, मुलांची पत्रं असं सगळं साधन म्हणून वापरलं (पद्धतीसाठी तरी हे पुस्तक वाचाच). त्याच्या मते केंब्रिजचं गणिती भौतिकशास्त्र याच सरावातून घडलं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. कारण 1854.

त्या वर्षी राउथ स्वतः सीनियर रँग्लर झाले. दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. दोघेही हॉपकिन्सचे शिष्य. आता लक्ष द्या: निकालाच्या आधीच, 1853 मध्ये, हॉपकिन्स मॅक्सवेलविषयी बोलल्याची नोंद त्याच्या एका सहाध्यायाच्या डायरीत आहे. आपल्या सगळ्या अनुभवात इतका विलक्षण माणूस भेटला नाही, भौतिकातल्या गोष्टींबद्दल याला चुकीचा विचार करणंच जमत नाही, असा त्याचा आशय. सोबत हेही, की विश्लेषणात हा बराच कच्चा आहे. कोण पहिला येणार आणि कोण मोठा होणार, हे दोन हिशोब सरांनी वेगळे ठेवले होते.

ट्रायपॉसनंतर काही दिवसांतच स्मिथ पारितोषिकाची परीक्षा असे. तिथे राउथ आणि मॅक्सवेल बरोबरीत आले. त्या प्रश्नपत्रिकेत आठवा प्रश्न होता एक प्रमेय सिद्ध करण्याचा. आज आपण बी.एस्सी.ला 'स्टोक्सचं प्रमेय' म्हणून शिकतो, ते छापील रूपात पहिल्यांदा आलं ते असं, परीक्षेत! पेपर काढला होता जॉर्ज स्टोक्सने, त्याला ते 1850 मध्ये विल्यम थॉमसनने पत्रातून कळवलं होतं, आणि 1873 मध्ये मॅक्सवेलने विद्युत व चुंबकत्वावरच्या आपल्या ग्रंथात ते वापरताना तळटीपेत संदर्भ दिला तो स्मिथ परीक्षा, 1854, प्रश्न 8 असा.

स्टोक्स 1841 चा सीनियर रँग्लर, थॉमसन 1845 चा दुसरा. पत्र लिहिणारा, पेपर काढणारा आणि तो सोडवायला बसलेले हे दोघे, चौघेही हॉपकिन्सचे विद्यार्थी. त्यांच्या 1849 च्या हिशोबात यातले दोघे आहेत, एक 17 मध्ये आणि दुसरा 44 मध्ये. पण प्रमेयाची ही साखळी धरायला तिथे रकानाच नव्हता.