लाल लघवी, काळी कातडी

साल 1946. तू अमरावतीबाहेरच्या तपोवनात उभी आहेस. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे दाजीसाहेबांनी, महारोग्यांसाठी याच वर्षी ही वस्ती उभी करायला घेतली आहे. समोर बसलेल्या माणसाची करंगळी आणि अनामिका आत वळली आहेत. तळहातावर भाजल्याचा मोठा फोड आहे, पण त्याला तो दुखत नाही. चुलीवरचं भांडं उचलताना भाजलं, तेही दुसऱ्या कुणी सांगितलं तेव्हा कळलं. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत बोट फिरव. नस सुतळीसारखी जाड लागेल. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा मानवतात: कानाची पाळी, नाक, कातडी आणि कातडीलगतच्या नसा.

हान्सेन यांनी हा जंतू 1873 मध्ये नॉर्वेत पाहिला, पण त्याला मारायचं कशानं हे सत्तर वर्षं सापडलं नाही. देशभर वापरात आहे ते चालमोगऱ्याच्या बियांचं तेल. घट्ट तेल, जाड सुई, असह्य कळ, आणि टोचलेल्या जागी गाठी. गुण कुणाला येईल हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. निराधार, भीक मागणाऱ्या रोग्याला धरून कोंडायची मुभा देणारा 1898 चा कायदा मात्र अंमलात आहे.

तो माणूस विचारतो, ‘‘बाई, हे बरं होईन का वो?’’

होईल. फक्त औषध यायचं आहे.

पन्नाशीच्या दशकात ये. 1951 मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं, 1955 मध्ये सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम. कार्यकर्ते गावोगाव फिरून डॅप्सोनच्या पांढऱ्या गोळ्या देत आहेत. हे रसायन 1908 मध्येच तयार झालं होतं. रोग्याच्या हातात पडायला त्याला चाळीस वर्षं लागली, याची मला अजून चुटपुट लागते.

आता त्या गोळीच्या मागे पोटात उतर. गोळी विरघळते, रक्तात जाते, कातडीत पोचते. तिथे जंतू बसला आहे. त्याला स्वतःची दुसरी प्रत काढायची तर फोलेट हवं, आणि ते तो ‘पाबा’ नावाच्या छोट्या रेणूपासून घरीच बनवतो. डॅप्सोनची ठेवण पाबासारखीच. जंतूचं विकर फसतं, पाबाऐवजी डॅप्सोनला धरून बसतं आणि फोलेटचं काम अडतं. शेजारच्या माणसाच्या पेशीचं मात्र काही अडत नाही, कारण आपल्या शरीरात ते विकरच नाही. आपण फोलेट आयतं खातो: मेथीतून, हरभऱ्यातून, तुरीच्या वरणातून. पुस्तकं हा भाग अर्ध्या पानात उरकतात. मला तो फार मोठा वाटतो. जंतू कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे त्या गोळीला कळलं. गावाला कळलं नव्हतं. गावानं जंतूच्या भीतीनं अख्खा माणूस वेशीबाहेर काढला.

अर्थात माणसालाही डॅप्सोनचा त्रास होऊ शकतो. ‘जी-सिक्स-पीडी’ हे विकर जन्मतः कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून खालची पापणी ओढून फिकटपणा बघ, डोळे पिवळे आहेत का बघ. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप आणि अंगभर पुरळ दिसलं, तर पुढची गोळी देऊ नकोस, डॉक्टरांना बोलाव.

सत्तरीच्या दशकात फार थांबायला नको. हा जंतू दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो आणि डॅप्सोन त्याची मुख्यतः वाढ रोखतं, त्यामुळे उपचार वर्षानुवर्षं चालतो. एकट्या औषधाला दबून राहिलेल्या जंतूंतून न दबणारे निपजतात. 1964 मध्येच ते सिद्धही झालं होतं. नियमानं गोळ्या घेऊनही नवे चट्टे आलेला माणूस समोर आला, तर त्याच्यावर चिडू नकोस.

1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं अनेक औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. हा उपचार देशात सर्वात आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांपैकी वर्धा एक. समज, त्या काळी तुझ्या दवाखान्यात महिन्याच्या मात्रेचा दिवस आहे. ती तुझ्या डोळ्यांदेखत गिळायची. रिफाम्पिसिन 600 मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन 300, डॅप्सोन 100. रिफाम्पिसिन जंतूच्या आरएनए पॉलिमरेजला चिकटतं, मग प्रथिनं बनवायचा निरोपच निघत नाही. पहिल्याच मात्रेत बहुतेक जिवंत जंतू मरतात आणि थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती उरत नाही.

पण संध्याकाळी लघवी लाल होते. आधी सांगितलं नसशील, तर बाई घाबरून धावत येईल, ‘‘माय वं, रगत जाते!’’ किंवा येणारच नाही आणि गोळ्याही सोडेल. क्लोफाझिमिनचं दुखणं वेगळं. ते चरबीत आणि कातडीत साठतं, जंतूच्या डीएनएला धरतं, शिवाय दाहही कमी करतं. पण कातडी काळपट पडते आणि शेजारपाजार विचारू लागतो. औषध बंद झाल्यावर रंग हळूहळू उतरतो. हे पहिल्याच दिवशी सांग.

आणि आता आजचा दिवस. अकोला जिल्ह्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तुझी पोस्टिंग. एक आजी आल्या आहेत. बारा महिन्यांच्या उपचारातला चौथा महिना. जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले आहेत, हाताची पकड सैल झाली आहे. औषध लागू पडलं नाही, असं घरच्यांना वाटतं. खरं तर आजींची प्रतिकारशक्तीच नसांमध्ये जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडली आहे. डॉक्टर प्रेडनिसोलोन लिहितात, सुरुवात 40 मिलिग्रॅमनं. ते पेशीत शिरून दाह पेटवणाऱ्या जनुकांना आवरतं, नसेवरचा दाब उतरतो. आधीच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. स्टेरॉइड एकदम सोडायचं नाही: बाहेरून मिळतंय म्हणून अधिवृक्क ग्रंथींनी आपलं काम कमी केलेलं असतं, त्यांना सावरायला वेळ हवा. मात्रा कमी करायच्या तारखा कार्डावर लिही, वाचणाऱ्या नातेवाइकाला बोलावून समजाव.

1898 चा कायदा 2016 मध्ये गेला. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग 2019 मध्ये वगळला गेला. तरी आजी आवाज खाली आणून विचारतात, ‘‘नातवाले मांडीवर घेऊ का वो मॅडम?’’

‘‘घ्या आजी. आजच घ्या.’’